फरक शून्य

कोल्हापूरच्या बालअस्थी प्रयोगशाळेतल्या पडद्यावर गौतमीचे दोन्ही कोपर शेजारी शेजारी उजळले होते. सात वर्षांची पोर गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि उजव्या कोपराच्या वरचं हाड मोडलं. ते सांधलं, पण हात आतल्या बाजूला बारा अंश कलला. शल्यचिकित्सक डॉ. मृण्मयी सबनीस यांना तो हात बघवत नव्हता.

"डावा बघ, बारा अंश बाहेर," त्या तारा बनवणाऱ्या इम्तियाज मुजावरला म्हणाल्या. "निरोगी कोपर असाच असतो, किंचित बाहेर. तुझ्या समवाढ तारा उजव्याला डाव्यासारखा करतील ना?"

"दोन्ही कोपरांत एकेक तार बसवायची. त्या एकमेकींशी बोलतात आणि फरक शून्य होईपर्यंत वाढपट्टीला, म्हणजे हाडाच्या टोकाशी वाढणाऱ्या थराला, हाकत राहतात. पण मॅडम, त्यांना सरळ-वाकडं कळत नाही. फक्त फरक कळतो."

"मग झालं तर! मला तरी दुसरं काय हवंय?"

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. दर महिन्याला तारांनी कळवलेला फरकाचा आकडा घसरत गेला. दोन वर्षांनी तो शून्यावर आला आणि मृण्मयीबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

तपासणीला आलेल्या गौतमीने ऐटीत दोन्ही हात पुढे केले. दोन्ही पट्टीसारखे सरळ! तिची आई रोहिणी कौतुकाने बघतच राहिली.

मृण्मयीबाईंनी मात्र दोन वर्षांपूर्वीचं चित्र पडद्यावर शेजारी लावलं. उजवा आपल्या जागेवरून बारा अंश बाहेर सरकला होता, डावा तितकाच आत सरकला होता आणि दोन्ही मधोमध शून्यावर थांबले होते. तारांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. सांगणारीच चुकली होती.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांनी रोहिणीला सगळं सांगितलं. "मोडका हात सुधारताना मी हिचा चांगला हात बिघडवला. निदान तारा तरी आता काढून टाकू."

रोहिणीने लेकीचे कोपर चाचपले. "हात चालत्यात न्हवं?"

"चालतात. जन्मभर चालतील."

"मग बिघडवला कसा म्हनता? मोडक्याला एकट्याला जमंना, तवा चांगला अर्ध्या वाटंवर येऊन त्याला भेटला. भावंडांत हुतंय की असं."

बाईंचे डोळे भरून आले. गौतमी मात्र विचारात पडली होती.

"डॉक्टरीणबाई, तारा काढू नका," ती म्हणाली. "उद्या डावा मोडला, तर उजव्याला जायला लागंल की!"