काचेपलीकडून

कॉल सेंटरमधल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी फोनवर एक परदेशी आजी म्हणाल्या, "माय वॉशिंग मशीन हॅज गिव्हन अप द घोस्ट."

भूत? मशीनमधलं भूत कसं काढायचं, हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. घाबरून समोर पाहिलं. काचेपलीकडे आमचा सीनियर बसायचा, नव्या मुलींचे फोन ऐकणं हे त्याचं कामच. त्याने मान टाकली, डोळे मिटले अन् जीभ बाहेर काढली.

"मशीन बंद पडलंय का?" मी इंग्रजीत विचारलं.

"तेच तर सांगतेय," आजी म्हणाल्या.

मग हे रोजचंच झालं. कुणी 'कॉस्ट्स ॲन आर्म अँड अ लेग' म्हणालं, की हा रिकामे खिसे उलटे करून दाखवायचा. 'अंडर द वेदर' म्हटलं, की कपाळाला हात लावून कण्हायचा. हसू दाबताना माझी पुरेवाट व्हायची.

"ही माणसं सरळ का बोलत नाहीत हो?" एकदा चहा घेताना मी वैतागले.

"आणि आपण? तोंडचं पाणी पळतं, ते कुठे जातं?"

"माझं कधी पळालं?"

"रोज पळतं. मी बघत असतो ना..." बोलता बोलता तो थबकला आणि आपल्या कपात बघू लागला. मीही कपात बघत राहिले. चहा कधीच संपला होता.

महिनाअखेरीस मॅनेजरबाई स्वतः माझा एक फोन ऐकणार होत्या. जमलं तर नोकरी कायम. नाहीतर, दादाने बजावलं होतं, मुकाट्याने त्याच्या दुकानात येऊन बसायचं.

त्या सकाळी समोरची खुर्ची रिकामी! हा लांब कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून बसलेला. ऐन वेळी हात वर केले की... मला रडूच आलं.

फोन लागला. "आय ॲम ॲट द एंड ऑफ माय रोप," एक गृहस्थ म्हणाले. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. पण आवाज किती थकलेला होता!

"फार सोसलंत तुम्ही," मी म्हणाले. "आता मशीन सुरू होईपर्यंत मी फोन ठेवत नाही."

मशीन सुरू झालं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "उद्यापासून कायम."

मी तडक कोपऱ्यात गेले. "जागा का बदललीत?"

"मीच मागून घेतली. समोर असतो, तर तुला जन्मभर वाटलं असतं, नोकरी माझ्यामुळे मिळाली. ती तुझी आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्यासाठी इतका विचार कुणी केला नव्हता.

"थँक्यू," मी म्हणाले. मग वाटलं, एवढ्याने भागणार नाही. "मला तू आवडतोस... यात आडून काही नाही. जे म्हटलं, तेच."

सगळ्या जगाच्या बोलण्याचा अर्थ सांगणारा तो, या वेळी मात्र गोंधळला. त्याने हळूच हेडफोन काढून ठेवला.

"परत सांगशील?"

मी परत सांगितलं.