काठाकडची खिडकी

बखीतने बाकल्याच्या उसळीत भाकरीचा पहिला तुकडा बुडवला आणि फोन वाजला.

"बाशा, धक्क्यावर या," हवालदार म्हणाला. "बोटीवरची एक बाई गायब आहे. कैरोचं जोडपं. हनफी टांगेवाल्याला आम्ही धरून ठेवलंय."

"हनफीला? तो माशी मारायलाही उठत नाही!"

"नवऱ्याने खिडकीतून बघितलंय, बाशा."

ताट तसंच राहिलं. झाकून ठेवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बखीतची बायको लेकीच्या बाळंतपणाला अलेक्झांड्रियाला गेली आणि तिथलीच झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसती परत आली नाही. नाईलकाठच्या एदफूच्या पर्यटन पोलिसांत इतकी वर्षं काढलेला, सगळ्यांचा 'बाशा' म्हणजे साहेब असलेला हा माणूस आल्यागेल्या जोडप्यांचे फोटो काढून द्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीशी गप्पा मारायचा.

बोट धक्क्याला लागलेली होती. शिडीपाशीच हनफी सापडला, दोन हवालदारांच्या मध्ये, निळ्या झग्यात, घामाघूम.

"बाशा, आईशप्पथ! माझ्या टांग्यात एकटी बाई कशाला बसेल? माझी घोडी तरी माझ्यावर कुठे खूश आहे?"

"पहाटे कुठे होतास?"

"इथेच. सगळेच टांगेवाले इथे होते. होरसच्या देवळाची गिऱ्हाइकं धरायची तर पहाटेच यावं लागतं. आणि निळा झगा म्हणाल तर, बाशा, अर्ध्या एदफूला धरा!"

"गप्प बैस. बाई सापडली की सुटशील."

"आणि नाही सापडली तर?"

बखीत शिडी चढला. नाही सापडली तर हनफीचं काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं.

आत रईस गाबर, बोटीचा तांडेल, कपाळाला हात लावून बसला होता.

"बाई उतरताना कोणी पाहिली?"

"कोण पाहणार, बाशा? पहाटे आम्ही आलो तर दोन बोटी आधीच काठाला, एकीला लागून दुसरी! त्यांना खेटून उभा राहिलो. माझी माणसं त्या दोघींच्या दिवाणखान्यांतून उतरतात. तीन बोटींची जत्रा! कोण गेलं, कोण आलं, फिरऔन राजालाही हिशेब लागायचा नाही. नाष्ट्यानंतर त्या दोघी निघाल्या, तेव्हा कुठे मला काठ मिळाला."

"बाई शेवटची कधी दिसली?"

"रात्रीच्या जेवणाला. इस्नाचा बांध ओलांडून आम्ही निघालो होतो. बडीशेपेचा काढा घेतला आणि गच्चीवर गेली. उत्तरेचा वारा असा बोचरा, की गच्चीवर काळं कुत्रं नव्हतं. मागून तिचे यजमान, डॉक्टर रऊफ, शाल घेऊन गेले. म्हटलं, वा! एवढ्या वर्षांनीही बायकोची काळजी!"

डॉक्टर रऊफ औषधांच्या दुकानाचे मालक. खोलीत पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. दाढी केलेली, बूट चकचकीत.

"सुट्टी कोणाची कल्पना, डॉक्टर?"

"माझी. नवालची मनधरणी करायची होती. संसारात कुरबुरी असतातच."

"पहाटे काय झालं?"

"ती उठली, कपडे केले, 'देऊळ बघून येते' म्हणाली. मला वाटलं, रागात आहे, जाऊ द्या. मग बाहेर घोड्यांचा आवाज आला म्हणून पडदा सारला."

"पडदा बंद होता?"

"कालपासून. नवालला पडदा उघडा चालत नाही. पाहतो तर ती टांग्यात चढत होती. निळ्या झग्याच्या माणसाने हात दिला."

"याच खिडकीतून?"

"याच." त्यांनी पडदा सर्रकन ओढला. समोर धक्का, टांग्यांची रांग, ओझी वाहणारी गाढवं. अगदी स्वच्छ दिसत होतं.

बखीत खिडकीपासून वळला. मग म्हणाला, "तुम्ही बसा. मी दोन फोन करून येतो."

पहिला फोन त्याने नदीवरच्या पोलिसांना केला. "एदफूच्या गल्ल्या राहू द्या. इस्नाकडे, उत्तरेला जा. प्रत्येक मच्छीमाराला विचारा. आणि दरडावू नका, बाबांनो, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही." दुसरा फोन करायचाच नव्हता. त्याला फक्त मोकळा श्वास हवा होता. बाई पाण्यात असेल तर आता फार उशीर झाला होता, आणि हे त्याला सहन होत नव्हतं.

तो परतला तो रईस गाबरला आणि एका हवालदाराला घेऊनच.

"रईस, पहाटे या खिडकीतून काय दिसत होतं?"

रईस गोंधळला. "काय दिसणार? शेजारच्या बोटीची खिडकी. हात लांबवला तर तिथलं उशीचा अभ्रा ओढता येईल."



"डॉक्टर," बखीत म्हणाला, "बोटी खेटून उभ्या राहिल्या की घरंदाज माणूस पडदे लावतो. तुमचे कालपासून लावलेलेच होते. रात्री तुम्हाला झोप लागली नसणार, पण पडदा काही तुम्ही उघडला नाहीत. घोड्यांचा आवाज दोन बोटींपलीकडून आला. पडदा उघडलात तो नाष्ट्यानंतर. समोर काठ, टांगे, निळे झगे. तुम्हाला वाटलं, पहाटेपासून असंच असणार. तिथेच गोष्ट रचलीत. पहाटे बायको दिसल्याचं खोटं सांगावं लागलं, म्हणजे ती रात्रीच नाहीशी झाली होती. आणि रात्री बोटीच्या चारी बाजूंना फक्त नदी होती."

"मी गच्चीवरून पाहिलं असेन. माणूस घाबरला की चुकतो."

"चुकतो खरा. दुकान कोणाच्या नावावर आहे?"

"हा काय प्रश्न झाला?"

"घर?"

रऊफ खिडकीकडे बघत राहिले. "दोन्ही तिच्याच नावावर, वडिलांकडून आलेलं. तिला काडीमोड हवा होता. या वयात! मी रस्त्यावर आलो असतो. पण म्हणून मी... तुमच्याकडे पुरावा काय?"

बखीतकडे पुरावा नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. त्याने ऐकलं. तो पलंगावर बसला.

"सापडली," तो म्हणाला. "जिवंत."

"काय सांगितलं तिने?" रऊफ ताडकन उठले.

रईस गाबरच्या तोंडून हळूच निघालं, "या अल्लाह."

"'कशी आहे' असं विचारतात, डॉक्टर," बखीत म्हणाला. "हनफीलासुद्धा हे कळलं असतं. हवालदार, यांना घेऊन चला. आणि त्या टांगेवाल्याला सोडा, चहा पाजा."

बखीत उत्तरेच्या काठावर पोहोचला तेव्हा नवाल एका मच्छीमाराच्या होडीत बसली होती, कोळणीचा काळा झगा अंगावर घालून. त्या कोळी नवरा-बायकोने रात्री जाळं टाकताना तिला ओढून काढलं होतं. ती बोलत नव्हती आणि पोलिसांची भानगड नको, म्हणून त्यांनी लव्हाळ्यांत होडी लपवली होती. कोळीण तिला मासा मोडून भरवत होती. "खा गं ताई, काटा काढलाय."

बखीत काठावर उकिडवा बसला. "बाईसाहेब, त्यांना अटक झाली. आता तुम्हाला भीती नाही. घरी कोणाला कळवू?"

तिने आठवून पाहिलं. मग मान हलवली. कोणी नव्हतं.

"त्यांनी शाल खांद्यावर घातली," ती पहिल्यांदाच बोलली. आवाज पार बसला होता. "मला बरं वाटलं, साहेब. मग ढकललं. आणि पडता पडता मी हाक मारली."

"मदतीला?"

"'रऊफ, धर मला!' मी म्हणाले. पाण्यातही तेच नाव घेत होते. दुसरं कोणाचं आठवेचना."

कोळणीने ताट खाली ठेवलं आणि तिला जवळ ओढलं.