आठ नंबरचा बिल्ला

शेवटच्या दिवशी एकच काम उरलं होतं: हौशीरामकाकांकडून बाबांची पत्र्याची पेटी घ्यायची आणि संध्याकाळची पुण्याची लोकल पकडायची. लोणावळ्याची आमची रेल्वेची चाळ पुढच्या महिन्यात पाडणार होते. ती एकदा बघून घे, असं आईनेच सांगितलं, म्हणून सोलापूरहून चार दिवस आले होते.

बाबा आणि काका पावसाळ्यात घाटातल्या रुळांवर गस्त घालायचे. दोघं दोन टोकांकडून निघत, मध्ये भेटत, पितळी बिल्ले बदलत आणि मागे फिरत. हातात समोरच्याचा बिल्ला आला म्हणजे मधला सगळा रूळ कुणीतरी डोळ्यांनी पाहिला, एवढा साधा हिशोब.

"आणि समोरचा आलाच नाही तर?" मी चहा पिता पिता विचारलं.

"थांबायचं. तरी न्हाई आला तर परत फिरायचं न्हाई, त्याच्याकडं चालत जायचं." काका हसले. "एकदा मी तापानं फणफणलो, ड्यूटीवर गेलोच न्हाई. तुझा बाप पार माझ्या दारात. म्हनला, हौशा, बिल्ला दे. मी म्हनलं, आरं, मरतुय हितं. तर म्हनतो, मर, पन आदी बिल्ला दे."

पेटीत स्वेटर, शिट्टी, आईचा जुना फोटो होता. मी शोधत होते ते नव्हतं.

मी सहा वर्षांची असताना बाबांनी रद्द झालेले दोन बिल्ले आणले, सात आणि आठ. ड्यूटी संपवून ते रुळावरून पायवाटेने खाली यायचे, मी चाळीतून वर जायचे. मध्यावर उंबर होता. तिथे पोचले की बाबा खडीवर बूट तीनदा घासायचे, मग हात पुढे करायचे. बारा वर्षं आम्ही रोज बिल्ले बदलले.

मग एका ऑगस्टमध्ये मी त्यांना म्हणाले, "आयुष्यभर हुकूम झेलत रूळ तुडवलेत, काय बदललं? मला रेल्वेची परीक्षा द्यायची नाही." त्या संध्याकाळी मी वर गेले नाही. बाबा धुक्यातून उशिरा आले, नखशिखांत भिजलेले. सकाळी मी कॉलेजसाठी पुण्याला निघाले आणि दिवाळीआधी त्यांचं हृदय थांबलं. सात नंबर माझ्याकडे राहिला. आठ नंबर कुणालाच सापडला नाही.

लोकलला पाऊण तास होता. पेटी काकांच्या ओट्यावर ठेवून मी पायवाट चढले.

धुकं इतकं दाट होतं की उंबर हाताला लागला तेव्हाच कळला. सात नंबर मुठीत धरून उभी राहिले. मला फक्त एकदा सांगायचं होतं, की त्या दिवशी माझं चुकलं. रुळाबद्दल नाही, त्यावर मी आजही भांडले असते. न येण्याबद्दल.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ओल्या रेनकोटचा आणि गस्तीच्या कंदिलातल्या रॉकेलचा वास आला. वरच्या अंगाला खडी सरकली...

खर्र.

मी श्वास रोखला. पुढे काहीच नाही. मी घड्याळ बघितलं. वाट बघायची सोडून घड्याळ बघायचं, हीच माझी खोड. स्वतःला वेडी म्हणत मी उतरले, पेटी उचलली आणि स्टेशनकडे धावले. मागे वळून बघितलं नाही.

पाचव्या दिवशी काकांचा फोन आला.

"अमृता... बेगडेवाडीचा पप्पू गँगमन सांगत हुता. दिवेलागणीला एक म्हातारा रेनकोट घालून रुळाच्या कडंनं चाललावता. हटकलं तर बिल्ला दावला. आठ नंबर."

"चेहरा बघितला त्याने?"

"टोपी खाली हुती म्हनला."

"कुठल्या बाजूला चालला होता?"

"पुण्याकडं. पोरी, तू उंबराखाली गेलतीस का?"

"हो."

"आन् थांबली न्हाईस."

मी हिशोब केला. बाबांची गस्त रोजची आठ किलोमीटर; पाच दिवसांत बेगडेवाडी, बरोबर जुळत होतं. लोणावळा ते सोलापूर रुळाने सव्वातीनशेच्या आसपास. चाळीस-एक्केचाळीस दिवस. आईला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी मी खिडकीतून रुळाकडे बघायचे. ज्यांची वाट बघतेय ते बाबाच असतील का, हा विचार मनात आला की खिडकी लावून घ्यायचे. थोड्या वेळाने परत उघडायचे.

आज चाळिसावा दिवस. आईने न सांगता तीन माणसांचा भात टाकलाय. विचारलं तर म्हणाली, "हात गेला."

आम्ही दोघी दुसऱ्या मजल्यावर राहतो. मध्यावर भेटायचं, म्हणून मी जिन्यात पहिल्या मजल्यापर्यंत उतरून बसलेय. घड्याळ घरी काढून ठेवलंय. सोलापुरात महिनाभर पाऊस नाही, तरी खालच्या पायऱ्यांवरून ओल्या रेनकोटचा वास वर येतोय. वळणापलीकडे जिन्यावर खडी नाही, साधी फरशी आहे.

खर्र.

खर्र.

मी हात पुढे केलाय. तिसऱ्याची वाट बघतेय.