जयाबाईचा हेल

सूरज आठवडाभर बेळगावात नोकरी करायचा आणि रविवारी अनगोळच्या खोलीत गाणी जुळवत बसायचा. मोबाईलवरचं रेकॉर्डिंगचं अॅप आणि जुन्या धाटणीचा सिंथेसायझर, एवढाच त्याचा संसार. बटणं फिरवून आवाज घुमवायचा, लांबवायचा, पुन्हा घुमवायचा.

चुलतभाऊ भावकू वारला तेव्हा उचगावात त्याची आई, सूरजची चुलती जयाबाई, हेल काढून रडली. "ऊन वर आलं, उठ रं माझ्या भावकू..." सूरजच्या खिशातला मोबाईल चालू होता. चुकून नव्हे, त्यानंच चालू केला होता. खोलीवर येऊन त्यानं तेवढाच तुकडा कापला. कापताना नाव मध्येच तुटलं, तर तेच त्याला झकास वाटलं. ठेक्यात बसवून त्यानं गाणं नेटवर टाकलं. लई वाहवा झाली आणि तो सुखावला. पुढे त्याला लाज वाटली ती या सुखावण्याचीच.

भावकूच्या महिन्याच्या दिवशी तो उचगावला गेला. रीतीप्रमाणे बायका दारातूनच हेल काढत आत येत होत्या. जयाबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती.

"काकू, पाणी देऊ?"

"नको रं. त्या दिवसापास्नं रडूच येत न्हाय बघ. तोंड उघडलं की आत कायबी न्हाय. बायका म्हणत्यात, आई हाय का दगड."

सूरजनं तिला परसात नेलं, सगळं सांगितलं, गाणं ऐकवलं. ती रागावली नाही.

"ह्ये माझं हाय. दे परत."

त्यानं तिच्यादेखत गाणं पुसलं. नेटवरचं काढलं, मूळ तुकडाही ठेवला नाही. "चुकलो काकू," तो म्हणाला.

ती आत जाऊन बसली. तोंड उघडलं.

"ऊन वर आलं, उठ रं माझ्या भाव—"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सूरजला हायसं वाटलं.

"ऊन वर आलं, उठ रं माझ्या भाव—"

तोच सूर. तेवढाच श्वास.

"ऊन वर आलं, उठ रं माझ्या भाव—"

आठव्या खेपेला आवाज घुमू लागला, बटण फिरवल्यावर घुमायचा तसा.

शेजारच्या अक्काताईनं तिचा खांदा हलवला. "जयाबाई, पुरं गं आता."

जयाबाईची नजर सूरजवर खिळली होती. तिला थांबायचं होतं, हे त्याला दिसत होतं.

शरमेनं त्याची मान खाली गेली.

त्याच्या पायाचा अंगठा फरशीवर त्याच गाण्याचा ठेका धरत होता.

त्यानं तो हातानं दाबून धरला.

जयाबाईचा श्वास अडकला. ओठ निळे पडत गेले.

सूरजनं अंगठ्यावरचा हात काढला.