दारातून निघालेला डाग

जेवणं झाली असतील तरच बसा, कारण ही गोष्ट घाण आहे. पांढरी बुरशी दिसली की अजून माझ्या घशाशी येतं.

ही गोष्ट माझ्या साडूची. फोटो स्टुडिओ चालवायचा. कामात हुशार, पण आगाऊपणाही तेवढाच.

नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. त्याची आत्या अंथरुणाला खिळलेली होती, डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते. तिने उशाखालच्या डब्यातून एक कृष्णधवल निगेटिव्ह काढून दिली. म्हणाली, "माझ्या पोरीला एकदा मोठं करून दाखव. उजेडात धरून आता दिसत नाही रे." पोर सहाव्या वर्षीच गेलेली. दुसरा फोटो नाही. साडू त्याच रात्री साडेदहाला स्टुडिओत जाऊन बसला.

स्कॅन केलं. अंगणात खुर्चीवर एक मुलगी, मागे उघडं दार आणि दारात बुरशीचा पांढरा डाग. रंगीत फिल्म असती तर मशीनने आपोआप साफ केली असती. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, मशीन चांदीलाच धूळ समजतं आणि चेहरे खराब करतं. म्हणजे हातानेच काम. आधी बघायचं, डाग स्कॅनरच्या काचेवर आहे की फिल्मवर. फिल्म फिरवून पुन्हा स्कॅन करायची. डाग जागचा हलला नाही तर काचेवर. फिल्मबरोबर फिरला तर फिल्मवर.

त्याने फिरवली. डाग काचेच्या जागी नव्हता. दारातही नव्हता. पायरी उतरून अंगणात आला होता.

डोळे चोळून त्याने पुन्हा स्कॅन केलं. डाग खुर्चीच्या मागे.

अकरा पस्तीस. पुन्हा...

डाग मुलीच्या खांद्याला टेकला होता.

आत्यासाठी उरलेला एकच चेहरा, तोही बुरशी खाणार. त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसायला लागला. स्पिरिट गार असतं. बोळा कोमट लागला. बुरशी निघेना. शेंबडासारखी ताणली. वास... कपाटामागे उंदीर मरतो ना, तो. तरी तो घासत राहिला. शेवटी सुटली. सुटताना आवाज आला.

कसला, ते त्याने मला कधीच सांगितलं नाही.

सकाळी सातला मीही आत्याच्या घरी होतो. फोटो लख्ख आला होता. साडूने तो आत्याच्या हातात दिला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

आत्याने फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "ही शेजारची."

"आणि आपली?"

"आपली गेली, त्यानंतरचा फोटो आहे हा. दारात आली होती. वर्षाला केसभर पुढे यायची..."

साडूने हात पाठीमागे लपवले.

"पुसलीस?"

त्याने मान हलवली.

"कुठे टाकलीस रे?"

एवढंच बोलली. भिंतीकडे तोंड केलं. तासाभरात गेली.

आम्ही दोघं तडक स्टुडिओत गेलो. कचऱ्याचा डबा पालथा केला. साडू रडत रडत हाताने उपसत होता. बोळा सापडला. स्पिरिट तर पाच मिनिटांत उडतं. बोळा अजून ओला होता.

त्याला दुधाचा एक दात चिकटला होता.