साडेनऊ बोटं

रोज सकाळी आठ वाजता, पहिला पेशंट यायच्या आत, मिलीमीटर रिकाम्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायचा. हा कॅमेरा फोटो काढणारा नव्हे. टेबलाच्या वर एक आणि खाली एक अशी त्याची दोन जाडजूड चौकोनी डोकी, आणि पेशंटने झोपायचं ते या दोघांच्या मधे. सुईने टोचलेलं किरणोत्सारी औषध शरीरात कुठवर पोचलं, ते ही डोकी टिपतात. टेबलावर कोणी नसेल तर पडद्यावर काहीही दिसता कामा नये. मिलीमीटर ते काहीच-नाही आधी नीट डोळे भरून बघायचा, वहीत वेळ टाकायचा आणि मगच चहा प्यायचा.

मिलीमीटर हे नाव विभागातल्या लोकांनी ठेवलेलं. 'जरा सरका' असं तो पेशंटला कधी म्हणाला नाही. 'तीस मिलीमीटर डावीकडे' म्हणायचा आणि तो बिचारा जीव अंदाजाने सरकायचा. बावीस वर्षं त्याने या खोलीत काढली होती. भुताखेतांवर विश्वास नाही, ज्योतिषावर नाही, आणि खरं सांगायचं तर माणसांवरही बेताचाच. मोजता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा.

त्याची थोरली बहीण मात्र शिंपीण, आणि तिचा सगळा कारभार इंचात. लहानपणापासून दोघांचं यावरून वाजायचं. त्या मंगळवारी ताई त्याच्याच खोलीत पेशंट म्हणून आली, तेव्हाही गळ्यात टेप होतीच. आल्या आल्या उजवा हात पुढे करून म्हणाली, "कोपराखाली साडेअकरा इंच. डावा नऊ. तुझ्या भाषेत किती होतात ते तू बघ."

हात चार महिन्यांपासून सुजत होता. दुखत नव्हता, लाल नव्हता. अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा, मळलेल्या कणकेत राहतो तसा. कात्री बोटांत शिरत नव्हती. दुकान तिचं एकटीचं, आणि कापड बेतायला दुसऱ्याचा हात तिला चालायचा नाही. सहा महिन्यांत हात उतरला नाही तर दुकानाला कुलूप लावायचं, हे तिने डोळ्यांत पाणी न आणता सांगितलं.

रक्तवाहिन्यांखेरीज आपल्या अंगात बारीक नळ्यांचं आणखी एक जाळं असतं, जास्तीचं पाणी वाहून नेणारं. ते तुंबलं की हातपाय फुगतात. एखादं मोठं ऑपरेशन, जंतूंचा त्रास, जबर मार, असं काहीतरी कारण सहसा सापडतं. ताईच्या बाबतीत एकही सापडलं नव्हतं. तेव्हा नेमकं कुठे तुंबलंय ते शोधायला तिला इथे पाठवलं होतं.

बोटांच्या बेचक्यांत त्याने चार बारीक इंजेक्शनं दिली आणि तिच्या हातात एक मऊ चेंडू ठेवला. "दाबत राहा. औषध वर चढायला मदत होते."

"बाबांना द्यायचे तसलाच की," ताई म्हणाली. "त्यांनी दोन फोडले."

बाबांचा विषय निघाला की मिलीमीटर पडद्याकडे बघायचा. झटका आल्यावर बाबा चार वर्षं अंथरुणावर होते, ताईच्या दुकानामागच्या खोलीत. उजवी बाजू पूर्ण गेलेली. मिलीमीटरचं घर तिथून बसने चाळीस मिनिटांवर. 'येतो', 'येत्या रविवारी नक्की', 'मशीन बंद पडलंय गं' असं करत त्याने चार वर्षं काढली. बाबा जाऊन आता दीड वर्ष झालं होतं.

चांगल्या हातात बेचक्यांतून एक बारीक काळी रेघ निघते, कोपर ओलांडते आणि काखेत जाऊन ठिपके ठिपके होते. ताईच्या हातात रेघ उमटलीच नाही. औषध कातडीखाली काळ्या धुक्यासारखं पसरत वर आलं आणि मनगटाच्या थोडं वर थबकलं. दोन तासांनी पुन्हा चित्र घेतलं तेव्हा त्या धुक्यात चार पांढरे पट्टे दिसले. शेजारी शेजारी, किंचित तिरपे. दाब पडतो तिथे औषध जात नाही आणि जागा पांढरी राहते. त्याने खालच्या डोक्याचं चित्र उघडलं, म्हणजे हाताची मागची बाजू. तिथे एकच पट्टा होता, जाड आणि आखूड.

विभागाच्या मॅडम येऊन बघून गेल्या. "बांगड्या काढल्या होत्या?"

"काढल्या होत्या. मी स्वतः बघितलं."

"मग हात ठेवताना तूच धरला असशील."

"दोन तास?"

मॅडमनी 'बाहेरून दाब आल्याची शक्यता' असं लिहिलं, सहा आठवडे पट्ट्या बांधायला सांगितल्या आणि त्यानंतर पुन्हा चित्र. त्या गेल्यावर मिलीमीटरने सवयीने पट्टे मोजले. खालचे तीन सत्तर ते अठ्ठ्याहत्तर मिलीमीटर लांब. सगळ्यात वरचा, कोपराच्या बाजूचा, फक्त अडतीस. त्याने आकडे वहीत टाकले. मग न राहवून बाहेर जाऊन ताईला विचारलं, "तुझा हात कोणी धरतं का? म्हणजे... जबरदस्तीने?"

ताईला हसू आवरेना. "या वयात? कोणी धरलाच तर आधी त्याचं माप घेईन."

पट्ट्या बांधणाऱ्या बाई कामात वाघ होत्या. बोटांपासून सुरुवात करून वरपर्यंत, थरावर थर. ताई रोज सकाळी पट्ट्या सोडून टेप लावायची आणि खडूने दुकानातल्या फळ्यावर आकडे लिहायची. पंजा उतरला. मनगट उतरलं. चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला. "खालून रिकामं होतंय, पण कोपराच्या वर चढलंय रे. दंडाची बाही बसत नाही."

सर्जनने मिलीमीटरला बोलावून घेतलं. वयाने लहान, पण हाताला यश असलेला माणूस. "वरच्या भागात चालू असलेली एक नळी मला दाखव. केसाएवढी असली तरी शिरेला जोडून देतो, पाण्याला वाट मिळेल. नळीच नसेल तर मात्र मी काही करू शकत नाही."

दुसऱ्या चित्राच्या दिवशी मिलीमीटरने ताईच्या हातावर काही नाही ना, ते तीन वेळा तपासलं. बांगडी नाही, दोरा नाही, बाही खांद्याच्या वर. हात टेबलावर मोकळा ठेवला आणि स्वतः दोन पावलं मागे सरून उभा राहिला. दोन तासांनी चित्र आलं.

मनगटापाशी आता काही नव्हतं. पट्टे कोपराच्या वर होते.

त्याने वही काढली. सत्तर, अठ्ठ्याहत्तर, पंचाहत्तर. वरचा अडतीस. सहा आठवड्यांत एका मिलीमीटरचाही फरक नाही. त्याने दोन्ही चित्रांतले पट्टे एकावर एक ठेवले आणि ते तंतोतंत बसले. मागच्या बाजूचा जाड पट्टासुद्धा.

पडद्यावर चार बोटं होती. साडेतीन म्हणायला हवं.

बाबा छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते. त्या यंत्राने एका दुपारी त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धी नेली. छापखान्यातले लोक त्यांना 'साडेनऊ' म्हणायचे आणि बाबा त्या नावाला ओ द्यायचे. पोरांना आकडे शिकवताना बोटं मोजून दाखवायचे आणि शेवटी 'साडेनऊ' म्हणून डोळे वटारायचे. धाकटा दर वेळी खदखदून हसायचा. पुढे झटक्याने उजवी बाजू गेली, तेव्हा त्यांना उरला तो हाच डावा हात. त्याची पकड मात्र चिमट्यासारखी होती, असं ताई म्हणायची. मिलीमीटरने ती कधी अनुभवली नव्हती.

मॅडमना त्याने काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांनी यावर 'पट्टीचा दाब' असं लिहिलं असतं, आणि तेच शहाणपणाचं होतं.

संध्याकाळी तो ताईच्या दुकानात गेला. ती डाव्या हाताने काजं करत बसली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून त्याने विचारलं, "बाबांना कसं उठवायचीस तू?"

ताईने सुई खाली ठेवली. "चार वर्षांत विचारलं नाहीस. आज काय आठवण आली?"

"सांग ना."

"तीन टप्पे." ती उठली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "मी अशी उभी. आधी ते इथे धरायचे." तिने डाव्या हाताने त्याचा उजवा हात मनगटाच्या वर धरला. "पाठ सुटली की मग इथे." तिची बोटं कोपराच्या वर आली. "आता अर्धे उठून बसलेत. इथे दम खायचे. कधी कधी फार वेळ. मग इथे," तिने खांद्याखाली दंड पकडला, "आणि एक हिसका दिला की उभे."

तिने हात सोडला तरी मिलीमीटरच्या दंडावर बोटं असल्यासारखी वाटत राहिली. दुकानात पंखा चालू होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"एवढा पांढरा का पडलास?" ताई म्हणाली. "हात माझा सुजलाय."

त्या दिवसापासून तो रोज सकाळी फोन करायला लागला. ताई इंचात सांगायची आणि तो वहीत मिलीमीटर लिहायचा. सूज वर सरकत होती. खांद्यापासून एकशेऐंशी. एकशेचाळीस. नव्वद. सर्जनने शुक्रवार ठरवला, सगळ्यात वरची नळी सापडली तर सापडली. त्यासाठी गुरुवारी शेवटचं चित्र. मिलीमीटरला रात्री झोप लागेना. बहिणीचा हात जाईल ही भीती होतीच. पण त्या भीतीच्या मागे दुसरी एक होती, आणि तिचं माप घ्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"हात सुजला म्हणून भाऊ तरी मिळाला," ताई एकदा फोनवर म्हणाली. थट्टाच होती. तरी फोन ठेवल्यावर तो जिन्यात जाऊन रडला.

बुधवारी सकाळी तिचाच फोन आला. "ऐक ना. पहाटे खांद्याला अशी रग लागली, सगळा भार टाकून कोणी लोंबकळावं तशी. ओरडणार होते. आणि एकदम गेली. हात हलका झालाय."

"सूज?"

"अर्ध्या इंचाने कमी. एका सकाळीत."

गुरुवारी दहाव्या मिनिटाला काळी रेघ निघाली.

विसाव्या मिनिटाला तिने कोपर ओलांडलं. तासाभरात काखेत सहा ठिपके उमटले, पुस्तकात असतात तसे. मॅडम आल्या, सर्जन आला, पट्ट्या बांधणाऱ्या बाई आल्या. सर्जन हसून म्हणाला, "माझं काम गेलं." शुक्रवारचं ऑपरेशन रद्द झालं. मॅडमनी पट्ट्यांचं कौतुक केलं आणि बाई लाजल्या.

मिलीमीटरने चित्र मोठं करून खांद्यापासून बोटांपर्यंत शोधलं. पुढून शोधलं, मागून शोधलं. पांढरा पट्टा कुठेच नव्हता. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. ताईची कात्री वाचली, दुकान वाचलं.

सगळे गेल्यावर ताई बाहीची बटणं लावत बसली, उजव्या हाताने, मुद्दाम सावकाश, एकेक बटणाची मजा घेत.

"त्या दिवशी एक सांगायचं राहिलं बघ," ती म्हणाली. "बाबांचं."

"काय?"

"एकदा उभे राहिले की हात सोडून द्यायचे. लगेच. मग माझी गरज संपली." ती हसली. "आणि पहिला प्रश्न ठरलेला."

"कुठला?"

"धाकटा आला का?"

मिलीमीटर पडद्याकडे बघायला लागला.

"मी सांगायचे, येतोय. दुसरं काय सांगणार?" तिने टेप गळ्यात घातली, जाता जाता त्याच्या पाठीवर थोपटलं आणि मागच्या जिन्याने निघून गेली.

तो पडद्यासमोर बसला. टेबल रिकामं होतं. सकाळी करायची परीक्षा त्याने पुन्हा एकदा केली. वरच्या डोक्याने काहीच दाखवलं नाही. खालच्यानेही नाही. त्याने वहीत वेळ टाकली.

आतला फोन वाजला. काउंटरवरच्या बाई होत्या.

"सर, बाहेर एक आजोबा आलेत. यादीत नाव नाही. तुम्हालाच भेटायचंय म्हणतात."

"बसायला सांगा त्यांना."

"सांगितलं. खुर्ची पण दिली. बसत नाहीत." बाईंनी आवाज खाली आणला. "म्हणतात, फार वर्षं पडून काढली, आता उभाच राहतो."