चेहऱ्याआधी घसा

औषधांच्या दुकानात मी घशाच्या गोळ्या मागितल्या, तर शेजारचा उंच तरुण चटकन वळला.

“आवाज अजून बसलेलाच आहे?”

“आपण... भेटलोय का?”

“भेटलोय. तुम्ही बेशुद्ध होतात.” त्याचे कान लाल झाले. “मधमाशी चावली होती ना? तातडीच्या विभागात मीच होतो. चेहरा तेव्हा फारच सुजला होता. हनुवटीखालच्या तिळावरून ओळखलं.”

म्हणजे आई ज्याच्याबद्दल सगळ्यांना विचारत होती तो डॉक्टर हाच. माझ्या घशात नळी घालून श्वास चालू ठेवणारा.

मी शाळेत गाणं शिकवते. आवाजच गेला तर? या भीतीने माझी झोप उडाली होती. त्याने तिथेच उभ्याउभ्या धीर दिला – नळीने घसा दुखावतो, कुजबुजू नका, पाणी पीत राहा, आवाज सुटेल.

पंधरा दिवसांत सुटला. तरी स्वारी रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी हजर... आवाज तपासायला.

“किती तपासणार?” मी विचारायची.

“वरचा सा अजून ऐकला नाही.”

आई गालातल्या गालात हसायची आणि तिसरं ताट मांडायची.

मग एकदा, घरी सोडताना, तो जिन्यातच थांबला.

“एक सांगायचं राहिलंय. पहिल्यांदा नळी गेलीच नव्हती. सूज इतकी, की वाट दिसेना. बाहेर काढली, नर्सताईंनी मास्कवरचा फुगा दाबून श्वास दिला, मग मी बारीक नळी घेतली. तेवढ्यात काही झालं असतं तर...” त्याने जिन्याचा कठडा धरला. “तुम्ही आभाराने बघता ना, तेव्हा मला कसंतरीच होतं. मला तुम्ही आवडता. पण तुमचं हे सगळं नुसते आभारच असतील, तर...”

मला भरून आलं. माझ्या एकेका श्वासासाठी दोन माणसं झटत होती, आणि मला पत्ताही नव्हता.

“नर्सताईंचे पाय धरणार आहे मी,” मी म्हणाले. “जन्मभर ऋणी राहीन त्यांची. पण संध्याकाळचे पाच वाजले की मी वर्गाच्या खिडकीशी त्यांच्यासाठी जात नाही.”

तो श्वास रोखून उभा होता.

“श्वास घ्या, डॉक्टर,” मी म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला.